प्रिंटरला हवी परवानगी

आमच्या घरी संगणक येईपर्यंत मी घरातला कर्ता पुरुष होतो.

जव्हारला मी कचेरीत कारकून, बायको मंदा शाळेत शिक्षिका. धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं आणि मोखाड्याला, सासुरवाडीत, मी जेवताना बोलून गेलो, "पत्रिका बाहेर कशाला छापायच्या? आपल्या घरी प्रिंटर आहे!" (पुरणपोळी जास्त झाली की मी असंच बोलतो.)

पुढच्याच रविवारी सासरे पत्रिका न्यायला एसटीने हजर! मंदा बाजारात गेलेली. मी ऐटीत बटण दाबलं. प्रिंटर गप्प. पडद्यावर पाटी आली : छपाईची सर्व्हिस बंद आहे. ती चालू करायला गेलो, तर दुसरी पाटी : ॲक्सेस डिनाइड!

"काय म्हंतोय?" सासऱ्यांनी विचारलं.

"परवानगी नाही म्हणतोय."

"कोनाची? पोरीचा बाप मी हाय! मी देतो, सांगा त्याला!"

मी पुन्हा दाबलं. डिनाइड! वायर काढून घातली, संगणक बंद करून चालू केला, सासऱ्यांची नजर चुकवून उदबत्तीसुद्धा ओवाळली. डिनाइड! प्रिंटर काढून नव्याने बसवू म्हटलं, तर तेवढाही अधिकार मला नव्हता.

"जावईबुवा, यष्टी सुटंल. छापखान्यात इचारू का?"

"झालंच!" म्हणत मी प्रिंटरचं झाकण उघडून शाईत बोट घातलं आणि त्याच बोटाने घाम पुसला.

तेवढ्यात मंदा आली. "अहो, कपाळाला काय फासलंत?"

"प्रिंटर परवानगी मागतोय!"

"मागणारच. संगणकात जागा करायची म्हणून तुम्ही माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका उडवल्यात ना? तेव्हाच तुमचा अधिकार काढला मी. आणि दिवसभर क्रिकेटवाल्यांचे फोटो छापून शाई संपवता, म्हणून सर्व्हिसही बंद ठेवली."

भाजीची पिशवी खांद्यावरच ठेवून तिने स्वतःचा पासवर्ड टाकला. दोन टिचक्या, आणि प्रिंटर खर्रखर्र करत पत्रिका ओकू लागला! सासऱ्यांनी पहिली पत्रिका कपाळाला लावली. म्हणाले, "पोर माझी हुशार!" मग माझ्याकडे वळून, "तुमी च्या ठेवा."

मंदाला दया आली असावी. "देऊ का परत अधिकार?"

"नको!" चहाचं आधण ठेवता ठेवता मी स्वयंपाकघरातून ओरडलो.

आता मिक्सर बिघडो की नळ गळो, मी निवांत सांगतो, "मला परवानगी नाही." आणि पेपर वाचतो. इतकं सुख कर्त्या पुरुषाला कधी मिळालंय?