दगडफुलातली बुरशी

रिपोर्टमध्ये एकच शब्द होता, फंगस. त्यापायी माझी दगडफुलाची चाळीस पोती मसाला कंपनीच्या गेटवर अडकली होती.

मिल बंद झाल्यावर मी सियागंजच्या घाऊक बाजारात मसाल्याचा व्यापार धरला. बाहेरच्या कंपन्या इंदुरात यायला लागल्या तेव्हाची ही माझी पहिली कंपनी ऑर्डर. माल रिजेक्ट झाला की व्हेंडर लिस्टमधून नाव जाणार होतं.

परचेस ऑफिसर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, "काकाजी, लॅबने बोल दिया. फंगसवाला माल नहीं चलेगा."

"भिया, पोतं उघडून तरी बघ."

"मी काय बघू? रिपोर्ट है ना."

मी आवाज चढवला. त्याने वॉचमनला बोलावलं.

छत्रीबागेत आमच्या शेजारी एक बाई राहत. कॉलेजात बॉटनी शिकवत. मूठभर माल घेऊन मी त्यांच्या प्रयोगशाळेत गेलो. त्यांनी मायक्रोस्कोपखाली पाहिलं.

"रिपोर्ट खरा आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, तुम्ही पण?"

"अहो, ऐका आधी. दगडफूल मुळात बुरशीच आहे. बुरशी घर बांधते, शेवाळ आत राहून उन्हावर अन्न तयार करतं. दोघं त्यावर जगतात. ही बुरशी एकटी वाढवली तर नुसता गोळा होतो, असं पान होत नाही."

"म्हणजे पार्टनरशिप."

"आणि जुनी. आता डीएनएवरून दिसतंय की बुरशीच्या वेगवेगळ्या घराण्यांनी ती आपापली, वेगवेगळ्या काळात केली."

"मग दुकानावर पाटी कोणाची?"

"शास्त्रीय नाव बुरशीचंच लागतं."

रांधायचं शेवाळाने आणि पाटी बुरशीची. मिलमध्ये अठरा वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मग बाईंनी चिमट्याने कापसासारखा पांढरा पुंजका उचलला. "ही मात्र घरातली नाही. ही परकी. माल ओला होता?"

सुकं दगडफूल हातात चुरतं, म्हणून पोती भरताना आम्ही सगळेच थोडं पाणी मारतो. यंदा माझा हात सैल पडला होता.

दुसऱ्या दिवशी, दगडफूल मुळातच बुरशी असं लिहिलेली बाईंची चिठ्ठी घेऊन गेटवर गेलो आणि ऑफिसरसमोर चाळीसही पोती उघडली. पांढरी बुरशी धरलेली सात मी स्वतःच बाजूला ओढली. उरलेल्यांचं सँपल पुन्हा लॅबमध्ये गेलं, चिठ्ठीसकट. माल पास झाला.

"तेहतीस ले लेते हैं, काकाजी. लिस्टमध्ये नाव राहील. पण रिमार्क लागेल."

"कसला?"

"सप्लायर झगडालू."

काही महिन्यांनी कंपनीने मालाच्या तपासणीचे नियम छापले. त्यात होतं: दगडफूल स्वतःच बुरशी आहे, फक्त वरून लागलेली बुरशी दोष धरावी. खाली नाव त्या ऑफिसरचं. बाईंचं नाही, माझंही नाही. माझा रिमार्क अजून तसाच आहे.

मी पाणी मारणं सोडलं. चुरा होतो तो होऊ देतो. आणि भांडायला निघण्याआधी आपलं पोतं आपणच उघडून बघतो. भांडण त्यानंतरही करता येतं.