चित्राची पाठ

मुंबईतल्या एका कलासंग्रहालयात मी एकोणीस वर्षे सूचिकार आहे. छपराच्या गळतीबद्दल सात अर्ज केले. चित्रांखालच्या पाट्या मराठीत असाव्यात म्हणून चार. एकाचेही उत्तर आले नाही. विलायतेच्या अभ्यासदौऱ्यावर दोन्ही वेळा माझ्याऐवजी विश्वस्तांचे आप्त गेले. मोठमोठ्या शहरांची संग्रहालये मी छापील सूचींतूनच पाहिली आणि त्याच बळावर परळच्या कामगार वाचनालयात त्यांच्या तुलनेवर व्याख्यान दिले. तेथे मला कुशाबा भेटला.

काळाचौकीच्या चाळीत राहणाऱ्या या माणसाने तीस वर्षे गिरणीच्या रिंगखात्यात सूत कातले होते. व्याख्यान संपल्यावर त्याने विचारले, "मास्तर, ही चित्रं कापडावर काढत्यात म्हणालात. कुठल्या नंबरचं सूत?"

मला ठाऊक नव्हते. कोणत्याच सूचीत ते दिलेले नव्हते.

पुढे दर रविवारी तो संग्रहालयाच्या पायऱ्यांवर येऊन बसे. पॅरिसचे संग्रहालय एके काळी राजवाडा होते, लंडनमध्ये चित्रे पाहायला पैसे पडत नाहीत, फ्लॉरेन्सची इमारत तर मूळची कचेऱ्यांची, असे मी सांगे. तो डोळे मिटून ऐके. जणू एका दालनातून दुसऱ्या दालनात अनवाणी फिरत असावा.

"तिथं चित्राची पाठ दावत्यात का?"

"कोठेच नाही."

"मग सगळी शहरं सारखीच की वो!"

त्याच्या या हट्टाचे मूळ मला उशिरा कळले. गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, त्याला कधी पाऊल टाकू दिले नव्हते. आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या छिद्रातून सूत तोंडाने ओढावे लागे, आणि त्याच्या जातीच्या माणसाचे तोंड लागलेला धोटा इतर विणकर हाती धरत नसत. त्याचे सूत भिंतीपलीकडे जाई. तेथे त्या सुताचे कापड होताना त्याने कधी पाहिले नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष उलटले, तरी ती भिंत त्याच्या मनातून गेली नव्हती. आता काम सोडून तो साताऱ्याकडे कायमचा निघाला होता.

"जायच्या आधी एकदा बघायचंय, मास्तर. सूत कुठवर जातं ते. हात लावून."

मी दारातल्या इंग्रजी पाटीकडे बोट केले.

"काय लिवलंय?"

"हात लावू नये."

तो खदखदून हसला. "म्हंजी तुमच्याकडं चित्रं बी अस्पृश्यच!"

मी हसलो नाही. ती पाटी मीच रंगवून घेतली होती.

तो गावी निघण्याच्या आदल्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद. तरी मी गिरगावातल्या घरून संग्रहालयात चालत गेलो. कारण गळतीने भिजलेले एक तैलचित्र उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवले होते, आणि त्याची चिंता अन्य कोणाला नव्हती. पायरीवर कुशाबा होता.

"गिरणी बंद, मास्तर. तुमचं पॅरिस उघडं हाय का?"

मी कुलूप काढले.

गिरण्यांचे भोंगे नसलेली ती दुपार मुंबईची वाटतच नव्हती. छताच्या काचेतून ऊन पाण्यासारखे उतरत होते आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते, जणू न कातलेला कापूस. त्या उजेडात चित्राची पाठ उभी होती: तपकिरी, उघडी, कोणाही राजाराणीचे नाव नसलेली.

कुशाबा वाकला. हात पाठीशी बांधलेलेच होते. त्याने माझ्याकडे पाहिले.

"लावा," मी म्हणालो. एकोणीस वर्षांत हा शब्द मी कोणालाही म्हटला नव्हता.

त्याचे बोट झोपलेल्या मुलाच्या कपाळावरून फिरावे तसे फिरत गेले. "ह्ये आपल्या कापसाचं न्हाई. पर कातलंय माणसानंच." मग ते एका जागी थांबले. "हितं धागा तुटला व्हता. कुणीतरी घाईत सांधलाय."

"कोणी?"

"तिकडच्या कुशाबानं."

त्याचे बोट त्या गाठीवरून पुन्हा पुन्हा फिरत राहिले. मी घड्याळ पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी तो गेला. मी सूची उघडली आणि त्या चित्राच्या नोंदीखाली मराठीत लिहिले: 'पाठीवर, डाव्या कडेपासून वीतभर अंतरावर, सुतास गाठ. सांधणारा अज्ञात.' माझ्या माहितीतील कोणत्याही शहराच्या सूचीत अशी नोंद नाही.

वरिष्ठांनी या नोंदीबद्दल लेखी खुलासा मागितला आहे. या वेळी उत्तर मी द्यायचे आहे. मी ते देणार नाही.