हेब्बाळपलीकडच्या पाच बिया

"ओडी, ओडी!" (पळा, पळा) बेंगळुराबाहेर, हेब्बाळपलीकडच्या दगडखाणीचा मुकादम खालून ओरडत होता. सुरुंगाची वात पेटलेली, आणि मी खडकाला पालीसारखा चिकटून एका वीतभर रोपट्याकडे हात लांबवत होतो.

"अण्णा, ओढा मला वर."

"मास्तर, आधी शेंगा द्या. मग तुम्हाला ओढतो."

हे भीमअण्णा. घराणं तीनशे वर्षं बेंगळुरातलं. स्वतः तीस वर्षं वाळवलेल्या झाडांच्या संग्रहालयात. मी कोल्हापूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारा. मागच्या हिवाळ्यात त्यांनी मला या रोपाचं फूल पाठवलं होतं. खुळखुळा नावाच्या रानझुडपाची चुलत बहीण म्हणावी, पण पाकळीवर काळ्या शिरा. कुठल्याच ग्रंथात नोंद नाही. नवी जात जाहीर करायची तर शेंग हवी. ती धरेपर्यंत इथे खाण सुरू झाली होती.

मी मुळासकट रोप उपटलं, अण्णांनी मला उपटलं, आणि मागे खडक उडाला. धुरळ्यात सूर्य अर्धा तास मावळला होता. कोल्हापुरात मी एक तास सांगतो.

मग तीन दिवस सायकली हाणत आम्ही आसपासचे सगळे खडक पालथे घातले. रागीमुद्दे (नाचणीच्या उकडीचा गोळा) इतके खाल्ले की सायकलने तक्रार केली. ते रोप कुठेच नव्हतं. खडी फोडणाऱ्या एका बाईला अण्णांनी कन्नडमध्ये विचारलं, "अक्का, हे आणखी कुठं दिसतं?"

तिने रोप न्याहाळलं आणि समोरच्या खडीच्या ढिगाकडे हातोडी केली. "तिथंच होतं."

आम्ही सायकली परत वळवल्या.

रोपाला शेंगा दोनच होत्या. एक संग्रहात राहिली. दुसरीतल्या पाच बिया निघायच्या दिवशी अण्णांनी स्टेशनवर कागदाच्या पुडीत दिल्या. "लावा. आता एवढ्याच आहेत."

गाडीत मी पुडी छातीशी धरून बसलो. शेजाऱ्याला वाटलं, अस्थी आहेत. घरी कुंडीत बिया पेरल्या, बायकोलाही पाणी घालू दिलं नाही. दोन महिने गेले. मासिकात आमच्या दोघांच्या नावाने नव्या जातीचं वर्णन छापून आलं. बारशाचे पेढे वाटून झाले, कुंडीत मात्र नुसती माती. जिला नाव दिलं तिला आपणच शेवटचं उपटलं, हे पेढ्याबरोबर गिळणं जड गेलं.

शेवटी अण्णांना पत्र टाकलं: बिया कच्च्या होत्या का?

उलट टपाली कार्ड आलं: "बिया पक्व होत्या. आमच्याकडे येणारी प्रत्येक वस्तू आधी रसकापुराच्या विषारी पाण्यात बुडवतो. तुमच्याही बुडवल्या होत्या. कीड लागणार नाही."