मोफत वायफायचा फ्लेक्स

कळव्याच्या कोळीवाड्यात इंटरनेट येत नाही म्हटलं की लोक हसतात. समोर खाडीपलीकडे ठाण्याचे टॉवर दिसतात आणि म्हणे इंटरनेट नाही. नाहीच. कंपन्या म्हणतात, तुमच्या गल्ल्या अरुंद, केबल टाकणं परवडत नाही. मोबाइलची रेंज खिडकीच्या गजाशी उभं राहिलं तर मिळते, तीही ‘हॅलो, हॅलो’ म्हणण्यापुरती. यावर आम्ही पत्रकं काढली, निवेदनं दिली, साहेबांच्या दारात बसलो. चहा मिळाला.

शेवटी आम्हीच लावून टाकलं. खाडीपलीकडे ठाण्याच्या नौपाड्यात आमच्या संघटनेच्या ऑफिसात चांगलं कनेक्शन आहे. त्या इमारतीच्या गच्चीवर नेट हवेतून पाठवणारी एक डिश आणि कोळीवाड्यात एका काकांच्या गच्चीवर दुसरी. तळमजल्यावरची खोली त्यांनी अभ्यासिकेला दिली होती. दोन्ही डिश बरोब्बर एकमेकींकडे तोंड करून हव्यात. एकीची मान जरा वळली की खेळ खलास. अख्खी दुपार फोनवर ‘डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे’ करत ती जुळवली.

आठवडाभरात फ्लेक्स लागला. आमच्याकडे गटाराचं झाकण बदललं तरी फ्लेक्स लागतो, मग वायफाय कसं सुटेल? ‘दादांच्या अथक प्रयत्नांतून मोफत वायफाय’, खाली हात जोडलेले दादा. या दादांना नगरसेवक व्हायचंय. त्यांनी या कामात एक खिळासुद्धा दिला नव्हता. आणि पोरांनी तो फ्लेक्स बांधला कुठे, तर थेट डिशच्या खांबाला. मी काकांना तेव्हाच म्हटलं, काढा. काका दादांचे कार्यकर्ते. म्हणाले, “राव दे गं. कोनाचा काय जातंय?”

जायचं होतं ते त्यांच्याच पुतणीचं. एका लॅबमध्ये टेक्निशियनच्या नोकरीसाठी तिचा अकरा वाजता व्हिडिओवर इंटरव्ह्यू होता. पहिलाच. इस्त्रीचा ड्रेस घालून ती अभ्यासिकेत बसली. मी लॅपटॉप लावून दिला आणि नेट गेलं.

गच्चीवर धावले. खाडीचा वारा सुटलेला, फ्लेक्स शिडासारखा फुगलेला आणि त्याने खांबासकट डिश पार मुंब्र्याकडे वळवलेली. मी सुरी मागितली. काका आडवे आले.

“कापाचा नाय हां. दादांचा तोंड हाय त्यावर. गाठी सोर.”

“काका, तिकडे इंटरव्ह्यू सुरू होईल.”

“मंग बिगीनं सोर.”

नायलॉनच्या दोरीच्या गाठी, पावसात भिजून आवळलेल्या. मी नखांनी सोडवतेय, काका दादांचा चेहरा चुरगळू नये म्हणून खालून धरून उभे. तेवढ्यात पुतणी वर आली. एकदा काकांकडे पाहिलं, एकदा फ्लेक्सकडे.

“काका, दादा देणारेत का मला नोकरी?”

ती खाली गेली, मासे कापायचा कोयता घेऊन आली आणि दोन घावांत दोऱ्या तोडल्या. दादा टाकीमागे जाऊन पडले.

मग नौपाड्यातल्या मैत्रिणीला फोन लावला. ती तिकडून सिग्नल बघून सांगतेय, मी इकडे डिश फिरवतेय. जुळलं तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. स्क्रीनवरच्या लॅबच्या बाई म्हणाल्या, तुमच्याकडे नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतो, गुरुवारी बघू. ‘तुमच्याकडे’ म्हणे. मी तोंड उघडणार होते, पुतणीने टेबलाखालून माझा हात दाबला आणि म्हणाली, “थँक यू मॅम, गुरुवारी नक्की.”

मधल्या दिवसांत दादांची पोरं नवा फ्लेक्स घेऊन आली, आधीच्यापेक्षा मोठा. काकांनी घेऊन ठेवला. नाही म्हणायची हिंमत त्यांना तेव्हाही झाली नाही, हे लिहायलाच हवं.

गुरुवारी मात्र सकाळपासून काका गच्चीवर खांबाला पाठ लावून स्टुलावर बसले. पोरं पुन्हा जिन्यात आली, फ्लेक्स कुठाय विचारायला. काकांनी हात वर केला.

“आवाज करू नका रे. खाली पोर बोलतेय.”