गुलालातल्या मेंढ्या
काल गावातल्या विजयी मिरवणुकीत गुलालाचा वास नाकात गेला आणि माझी कंबर ठणकली. मुरगूडजवळच्या आमच्या रानात एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या मशीननं मेंढ्या तपासल्या होत्या. दिवसभर एकेक मेंढी मी धरायची आणि गाभण निघाली की तिच्या पाठीवर खूण करायची. रंग आणायला विसरलो होतो, म्हणून देव्हाऱ्यातला जोतिबाचा गुलाल वापरायची अक्कल मी चालवली. खूण नसलेल्या भाकड मेंढ्या सकाळी खाटकाला द्यायच्या होत्या. पण रात्रभर मेंढवाड्यात अंगाला अंग घासून उजाडेपर्यंत अख्खा कळप गुलाबी! बायको म्हणाली, "सगळ्याच निवडून आल्यात की वो!" खाटीक घाईत होता. "मालक, कुठलीबी द्या, मला काय फरक पडतोय?" "आमास्नी पडतोय," बायकोनं सुनावलं, "पोटातल्या कोकरासकट सुरीखाली धाडू व्हय?" खाटीक हात हलवत गेला, डॉक्टर परत आले आणि उरल्यासुरल्या कंबरेनं मी सगळा कळप पुन्हा एकेक करून धरला. काल मिरवणुकीतून गुलालानं माखून, पाय ओढत घरी पोचलो, तर ती दारातूनच म्हणाली, "डॉक्टरास्नी बोलवू काय?"