बाबांच्या मापाचं टेबल

गेल्या रविवारी टिटवाळ्याला, बाबांच्या घरी, माझी चांगलीच जिरली. जिरली ते बरंच झालं म्हणा...

माझे बाबा सुतार. कोलशेतकडच्या कितीतरी घरांतली कपाटं, पलंग त्यांच्या हातचे. वर्षापूर्वी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसायचं नाही.

तेव्हापासून बाबांनी हत्यारांची पेटी उघडलीच नाही. आई फोनवर सांगायची, "अगं, दिवसभर खुर्चीत बसून असतात. बोलत पण नाहीत धड."

मग ठरवलं, मागच्या पडवीत त्यांना छोटं वर्कशॉप करून द्यायचं. शीळफाट्याच्या एका गोदामातून पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड आणलं आणि व्हिडिओ बघून बघून तीन शनिवार-रविवार खपले. सहा फूट लांब टेबल, चार जाड पाय, उंची कमरेइतकी... व्हिडिओत सांगितली तशीच. सुताराची पोर आहे शेवटी, जराही डुगडुगत नव्हतं!

रविवारी बाबांना टेबलापुढे उभं केलं. त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला, "जोड बरा बसलाय" म्हणाले. मग एक फळी टेबलावर ठेवली, तासायला रंधा घेतला, दोनदा मारला... लाकूड सरकलं. पुन्हा मारला, पुन्हा सरकलं. रंधा ठेवून ते खुर्चीत जाऊन बसले.

मला रडूच आलं. खरं सांगायचं तर रागही आला, एवढं मरमर करून हे... "क्लॅम्प आणू का लाकूड धरायला?" मी विचारलं.

बाबा स्वतःच्या पायांकडे बघत होते. म्हणाले, "मी लाकूड पायानं धरतो गं. आयुष्यभर तसंच केलंय."

आणि डोळ्यांसमोर आलं... फरशीवर बसलेले बाबा, एक पाय लांब केलेला, टाचेखाली दाबलेली फळी. लहानपणी रोज बघितलेलं. आणि मी माप घेतलं ते व्हिडिओतल्या कुठल्या तरी उभ्या माणसाचं.

तोडगा आईनं काढला. "डॉक्टर खाली बसू नका म्हणालेत. पाय लांब करू नका असं कुठे म्हणालेत? टेबलावरच बसा की!"

बाबांनी मान वर केली. मला म्हणाले, "करवत आण."

खुर्चीच्या उंचीवर त्यांनी पेन्सिलीनं खुणा केल्या, मी टेबलाचे चारही पाय कापले. बाबा टेबलावर बसले, पाय लांब केला, टाच फळीवर दाबली... आणि रंध्यातून लांबच लांब सालपट निघालं. आई पदर डोळ्यांना लावून आत गेली, चहा टाकायला.

पायांचे कापलेले तुकडे डोंबिवलीला माझ्या घरी घेऊन आलेय, समोरच ठेवलेत. कुणासाठी काही करायला घेण्याआधी त्या माणसाला विचारावं, एवढं लक्षात राहायला.

आज दुपारी आईचा फोन आला. तक्रार करत होती... "चार हाका मारल्या जेवायला. ऐकतायत कुठे, रंधा चाललाय!"