कानाला लागलेलं कुंकू

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवावं, मूठ कानामागच्या हाडाला लावावी, आणि त्या शीतल स्पर्शामागून इंजिनाचं अंतरंग हळूहळू बोलू लागावं: व्हॉल्व्हची कुजबुज, चेनची सळसळ, बेअरिंगचा दबका हुंकार. नांदेडच्या माझ्या गॅरेजात अवघं आयुष्य हे ऐकण्यात गेलं. देहातलं कोणतं इंद्रिय सर्वांत प्रिय, असं कोणी विचारलं असतं, तर मी विलंब न लावता कान म्हटलं असतं. आणि जे प्रिय तेच आधी सोडून जावं, हा कुठला न्याय?

गेले कित्येक महिने मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नजर मंदावली तर माणूस चष्मा मिरवतो. पण आवाजावरून आजार ओळखणाऱ्या मिस्तरीने कानाला यंत्र लावणं म्हणजे आचाऱ्याने जीभ गेल्याची दवंडी पिटणं. काउंटरवर बसणारी माझी बायको कमल याच काळात मोठ्याने बोलू लागली. गिऱ्हाइकाचं म्हणणं गल्लीला ऐकू जाईल अशा स्वरात ती पुन्हा सांगायची. वयाबरोबर स्वभाव कर्कश होतो, अशी मी समजूत करून घेतली आणि चारचौघांत तिच्यावर खेकसलोही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धर्माबादचे मिरचीचे व्यापारी शिवराजशेठ आपली पिवळी स्पोर्ट्स कार घेऊन आले. बसकी, रुंद, दबा धरलेल्या मांजरासारखी.

"भाऊ, मिसिंग मारून राहिली, आन् पुढून कायतरी वाजून राहिलं."

"पुढून वाजून राहिलं म्हणतेत," कमलने वरच्या पट्टीत सांगितलं.

"वहिनीचा आवाज लई मोठा हाय," शेठ हसले. मीही हसलो.

मिसिंगचं, म्हणजे इंजिन मध्येच ठोका चुकवतं त्याचं, निदान हातांनी केलं. सायलेन्सरपाशी तळहात धरला, तर उष्ण श्वास मध्येच अडखळत होता. ठिणगी पुरवणाऱ्या एकेका कॉइलची वायर काढत गेलो. तिसरीला इंजिनाच्या थरथरीत काहीच फरक पडेना, म्हणजे तो सिलिंडर आधीच बंद होता. तिथल्या प्लगच्या खोल खोबणीत पाणी साचलेलं. खंडेनवमीला आपण पान्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना न्हाऊ घालून पुजतो. शेठनी भक्तिभावाने इंजिनालाही पाइपने अभ्यंगस्नान घातलं होतं. पाणी हवेने उडवलं, प्लग कोरडा केला, आणि इंजिन लयीत चालू लागलं.

राहिला पुढचा आवाज. स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला; परवाच्या पूजेचं हळदकुंकू मुठीवर अजून तसंच होतं. जागा बदलून पाहिल्या, श्वास रोखून पाहिला. आत नुसती घरघर होती. मग आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. "गेला आवाज," मी म्हणालो.

शेठनी पुढे वाकून कान दिला. "मला अजून वाजल्यागत वाटतंय. पण तुम्ही म्हणलात म्हणजे गेला." स्वतःच्या कानांपेक्षा त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला. तो आवाज बेअरिंगचा असता तर? ही गाडी सुसाट धावणार होती, आणि आत जिवंत माणूस बसणार होता. तरी मी बॉनेट लावायला हात वर केला.

तेवढ्यात कमल उठून आली आणि माझ्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तिने काढून घेतला. "मला शिकवतो म्हणले होते की. दाखवा, कसं लावायचं?" मी तिला तसं कधीच म्हटलं नव्हतं. मी मूठ तिच्या कानामागे लावली. तिने डोळे मिटले. "वर न्हाई. खाली हाय, टकटक करून राहिलंय."

इंजिनाखालचं झाकण उघडलं, तर आत पूजेची सुपारी. ट्रॅक्टरवरची सुपारी घरंगळून मातीत पडते. या गाडीला खालून झाकण, म्हणून ती आतच नाचत राहिली.

"वहिनीला चांगलं तयार केलंत," म्हणत शेठ खुशीत निघून गेले.

कमल जवळ आली. ती हळू बोलली असावी, कारण शब्द मला तिच्या ओठांवरून कळले. "उन्हाळ्यापासून म्या वरडून बोलून राहिले. तुम्हाला गिऱ्हाइकाला दोनदा इचारावं लागू नये म्हनून."

तिच्या कानामागे हळदकुंकू लागलं होतं. ज्या बाईला मी कर्कश ठरवलं, तिने माझी लाज राखायला स्वतःचं नाव खराब करून घेतलं होतं. कुंकू पुसायला पुढे केलेला हात मी मागे घेतला. शेजारचे दुकानदार दारात उभे होते. त्यांच्यादेखत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मी तिला विचारलं, "कमल, माझे कान दाखवायला डॉक्टरकडं कधी जायचं?"